लिफ्टमधली टिटवी

१

नवशा मुकणे मेला त्याला दोन दिवस झाले होते, आणि त्याच्या मरणाचं कारण म्हणून पोलिसांनी जी वस्तू आणली होती, ती प्रमोदिनी टिपणीस यांच्यासमोर टेबलावर पडली होती. तळहाताएवढा हिरवा बोर्ड. मधोमध एक काळी चिप, कडेला चार रिले म्हणजे लहान काळ्या डब्या, वायरी कसायच्या पट्ट्या. याने माणूस मारला असं सांगितलं असतं तर कोणाला पटलं नसतं.

मानकोलीला धनेश तरे यांचं तीन माळ्यांचं कापडाचं गोडाऊन आहे. तिथे मालाची लिफ्ट. बुधवारी सकाळी दुसऱ्या माळ्यावर नवशा कमरेपर्यंत आत वाकून कापडाची गाठ ढकलत होता. जाळीचं दार उघडं होतं. खालून कोणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट निघाली. पुढचं सांगण्यासारखं नाही. दार उघडं असेल तर लिफ्टला जागचं हलू द्यायचं नाही, हे काम या बोर्डाचं होतं.

प्रमोदिनीबाईंनी तीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं. भिवंडीत बोर्ड वाचता येणारं आणि कोणाच्या खिशात नसलेलं माणूस हवं म्हटल्यावर पोलिसांना त्यांचंच नाव सुचलं. बाईंनी चिप लॅपटॉपला जोडली, आतला प्रोग्राम वाचला आणि चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"काय निघालं, मॅडम?" सब-इन्स्पेक्टर मनाली गायकर यांनी विचारलं.

"हा लिफ्टचा प्रोग्रामच नाही. तपासणीचा आहे. वर्कशॉपच्या टेबलावर लिफ्ट नसते, दारही नसतं. म्हणून बोर्ड तपासताना दाराची अट काढून टाकलेला एक वेगळा प्रोग्राम घालतात. हा तो. याला दार उघडं काय नि बंद काय, सारखंच."

"म्हणजे हा बोर्ड बनवणारा केदार गुप्ते खरं बोलतोय. सकाळी स्वतःहून येऊन बसला होता. म्हणाला, मी मे महिन्यात चुकीची फाईल पाठवली, मीच मारला त्याला. उद्या दहा वाजता जबाबावर सही करतोय. तुमचा अहवाल जोडला की झालं."

केदार. तिसऱ्या बाकावर बसणारा, रोज खडूने हात माखून जाणारा केदार. बाईंनीच त्याला प्रोग्राम लिहायला शिकवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"अपघातानंतर कोणी बोर्ड बदलला असेल?"

"अर्ध्या तासात आमच्या माणसाने बोर्डाच्या पेटीला, पॅनेलला, सील लावलं. तोवर वीस हमाल तिथे उभे होते."

मनालीताईंनी छापील अहवाल पुढे सरकवला. बाईंनी रकाने वाचले. दोषाचं स्वरूप. दोषाचं कारण. त्याखाली: दोष प्रथम कोणाच्या लक्षात आला. तिथे त्यांना स्वतःचं नाव लिहावं लागणार होतं. पेन उघडून त्यांनी पुन्हा मिटलं आणि बोर्ड उजेडात धरला. एका कोपऱ्यात दोन बारीक भोकं रिकामी होती. इतकी स्वच्छ, की त्यांतून खिडकी दिसत होती.

"उद्या दहापर्यंत वेळ आहे ना?" बाई उठल्या. "मग तोपर्यंत मी काही लिहीत नाही."

२

धामणकर नाक्याच्या मागे, खाली लूमचा खडखडाट आणि वर दोन खोल्या, असं ते वर्कशॉप. केदार आणि भाविक भोईर या दोघांचं मिळून. दोघेही एकाच वर्षी बाईंच्या हाताखालून गेलेले. केदार प्रोग्राम लिहायचा, भाविक बोर्ड बसवायचा नि दुरुस्त करायचा, आणि नीरजा नावाची मुलगी बोर्ड जुळवून, तपासून द्यायची. आतापर्यंत बारा लिफ्टना त्यांचे बोर्ड लागले होते. बोर्डांवर नंबर टाकायची शिस्त मात्र या शहाण्यांनी लावून घेतली नव्हती.

भिंतीवर दोन पाट्या होत्या. बाईंना त्या बघून एकदम अवघडल्यासारखं झालं, कारण दोन्ही वाक्यं त्यांचीच होती. केदारच्या टेबलावर: 'तपासणीचा प्रोग्राम ओरडला पाहिजे.' भाविकच्या टेबलावर: 'गिऱ्हाइकाचं मशीन बंद ठेवून परतायचं नाही.' वर्गात बोलून विसरलेलं मुलांनी काचेत घालून ठेवलं होतं.

केदार खुर्चीत बसला होता, पण बसल्यासारखा वाटत नव्हता. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं.

"दोन्ही फाईली एकाच फोल्डरमध्ये होत्या, मॅडम. नावंसुद्धा सारखी. मेमध्ये तरेंचा बोर्ड द्यायचा होता तेव्हा मी भाविकला मेल केली. त्यात चुकून टेस्टची गेली असणार. मेल शोधली, तर सापडत नाही. डिलीट केली असेल मीच."

"आठवतंय का तुला?"

"आठवत नाही, म्हणूनच तर! आठवलं असतं तर थांबवली नसती का?"

भाविक दारात उभा होता. मानकोलीजवळच्याच गावचा, धिप्पाड, बोलायला मोकळा. आज त्याचा आवाज खाली गेला होता.

"मॅडम, यानं जी फाईल दिली तीच मी टाकली. माझ्या हातात दुसरं काय हाय? आता त्याला किती वेळा सांगू, की जाणूनबुजून नाय केलंस? पोलीस पण समजून घेतील."

"आणि बसवल्यावर तपासलं कोणी?"

"मी," नीरजा म्हणाली. "मेमध्ये मी स्वतः मानकोलीला गेले होते. दार उघडं ठेवून बटण दाबलं. लिफ्ट हलली नाही. तीनही माळ्यांवर बघितलं."

"नीरजा," भाविक हळूच म्हणाला, "तुला वाटत असेल तसं. एका दिवसात चार ठिकाणी फिरलो होतो आपण."

नीरजाचा चेहरा लाल झाला. केदारसाठी ती खोटं बोलू शकते, हे त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. त्यामुळे तिच्या खऱ्यालाही तिथे भाव नव्हता.

बाईंनी टेबलावरचे बोर्ड हातात घेऊन बघितले. केदारने सोल्डरिंग केलेलं लगेच ओळखू येई. जिथेतिथे मोतीचूर सांडल्यासारखे शिशाचे गोळे. वर्गातही तो असाच होता. नीरजाचं काम ठीकठाक. भाविकचं मात्र बघत राहावं असं.

"प्रत्येक बोर्डावर बझर असतो ना रे?" त्यांनी केदारला विचारलं.

"असतोच. टेस्टचा प्रोग्राम असला की दर दोन सेकंदांनी ओरडतो. तुम्हीच सांगितलं होतं ना, कोणी चुकून तोच बोर्ड बाहेर नेला तर कळावं म्हणून."

"मग मे महिन्यापासून ती लिफ्ट दर दोन सेकंदांनी ओरडत होती?"

केदारने पहिल्यांदाच मान वर केली.

३

मानकोलीच्या गोडाऊनमध्ये काम बंद होतं, ट्रक उभे होते. धनेश तरे ऑफिसात बसून फोनवर कोणाला तरी दिवाळीनंतरची तारीख देत होता. बाईंना बघून त्याने फोन ठेवला आणि खुर्ची दिली. माणूस वागायला वाईट नव्हता.

"मॅडम, मला त्या बोर्डातलं काय कळतंय? भाविकचा मामेभाऊ ना मी, त्याच्या शब्दावर घेतला. त्यांनी चुकीचा दिला, आमचा माणूस गेला. आता मी काय बोलू?"

"पाच महिने लिफ्ट दार उघडं ठेवूनही चालत होती, आणि तुमच्या एकाही हमालाने सांगितलं नाही?"

"ती लोकं काय सांगतात! त्यांना बरंच हाय की. दार लावायचा त्रास नको."

"लिफ्ट ओरडायची का?"

"लिफ्ट कशाला ओरडंल?" धनेश हसला. हसायला त्याने जरा उशीरच केला.

बाई दुसऱ्या माळ्यावर गेल्या. फरशी धुतलेली होती. धुतलेल्या जागेला वळसा घालून त्या दाराकडे गेल्या. जाळीच्या दाराच्या चौकटीला स्विच होता. दार लागलं की त्याची दांडी दाबली जायची आणि बोर्डाला कळायचं. दांडी तुटलेली होती.

"ती अपघातात मोडली," मागून धनेश म्हणाला.

तुटलेल्या टोकावर कापडाचा भुरा आणि काळं ग्रीस बसलं होतं. स्विचच्या खाली, ट्रॉलीच्या उंचीवर, चौकटीला निळ्या रंगाचा ओरखडा होता. कोपऱ्यातल्या ट्रॉल्या निळ्या होत्या. नवशाच्या अंगावर निळं काही होतं का, हे विचारायची गरज नव्हती.

खाली पॅनेलजवळ एक म्हातारी बाई उभी होती. धनेशची आई, पार्वतीबाई. डोळे रडून सुजलेले.

"बाय, तुमी सांगा," त्या म्हणाल्या, "आमचा काय चुकला? दसऱ्याला मी सोताच्या हातान पूजा केली. भाविकला बोल्ली, बाबा, दरवाजा उघड, आतल्या यंत्राला लावाचं हाय, बाहेरच्या पत्र्याला लावून काय होतं? त्याला हलद लावली, कुकू लावला, तांदूल वाहिले. आनि पंधरा दिवसांत देवान आसा केला!"

"आतल्या हिरव्या पाटीला लावलंत?"

"मंग! त्या काल्या डबीवं. नातीन फोटो पन काढला हाय."

नातीच्या फोनमधला फोटो बाईंनी मोठा करून बघितला. झेंडूच्या माळेतून पॅनेलचं पोट दिसत होतं, आणि एका काळ्या रिलेवर पिवळ्यात लाल ठसठशीत टिळा. हळदीचा डाग काय असतो हे बायकांना सांगावं लागत नाही. तो घासला तरी फिकटतो, जात नाही.

सकाळी पोलीस ठाण्यात बघितलेल्या बोर्डाचे चारही रिले काळेकुळकुळीत होते.

४

म्हणजे मेमध्ये बसवलेला बोर्ड दसऱ्याला पॅनेलमध्ये होता, आणि नवशा मेला तेव्हा नव्हता. केदारने मेमध्ये काय पाठवलं नि काय नाही, त्याचा या मरणाशी संबंध उरला नव्हता. पण हे सिद्ध करायचं कशावर? टिळा नाही, एवढ्यावर? कोर्टात वकील म्हणेल, पुसला असेल. धनेश म्हणेल, आईचं वय झालं.

गोडाऊनच्या फाटकाबाहेर सावलीत कमळा बसली होती. नवशाची बायको. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरून भावाबरोबर आली होती आणि काल सकाळपासून तिथून हलत नव्हती. कोणी हटकलं की म्हणायची, माझा माणूस कसा मेला ते सांगा, मग जाते. धनेशच्या माणसांनी तिला सांगितलं होतं, की तो स्वतःच्याच चुकीने मेला, दार न लावता वाकला.

प्रमोदिनीबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. या वयात खाली बसलं की उठताना पंचाईत होते, पण उभं राहून बोलणं त्यांना बरं वाटेना.

"मी त्या मशीनचा तपास करतेय. घरी कामाबद्दल काही बोलायचा का तो?"

"काय बोलायचा न्हाय. दमून यायचा, जेवायचा, झोपायचा." कमळाने गोडाऊनकडे बघितलं. "सोमवारी मात्र बोलला. म्हनला, आज लिफ्टमंदी टिटवी बसली व्हती."

"टिटवी?"

"व्हय. म्हनं सारखी वरडत व्हती, टिट्‌ टिट्‌, टिट्‌ टिट्‌. दिसत न्हाय, पन वरडतेय. टिटवी वरडली का वंगाळ व्हतं, बाई. आमच्यात त्या जाग्याला पाय ठेवत न्हाय. त्यान गाठ खाली ठेवली नि सगळ्यांना म्हनला, आत जाऊ नका. सगळी मानसं खाली बसली. शेठ लय बोलला त्याला."

बाई तिच्याकडे वळल्या. "मग?"

"मंगळवारी घरी आला तं मी इचारलं, टिटवीचं काय झालं. म्हनला, गेली. सकाळी दहाला गेलो तं गप. मंग काम केलं दिवसभर. बुधवारी पन गेला." तिने पदर तोंडाशी नेला. "मी पन म्हनली, गेली ना, मंग जा."

प्रमोदिनीबाईंना त्या दोन रिकाम्या भोकांतून दिसलेली खिडकी आठवली. टिटवीची जागा त्यांनी सकाळीच बघितली होती.

५

वर्कशॉपमध्ये परत आल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. भाविक नव्हता, मामाच्या घरी गेलाय, असं केदार म्हणाला.

"खराब बोर्ड कुठे ठेवता तुम्ही?"

केदारने टेबलाखालचं पत्र्याचं खोकं ओढलं. बाईंनी ते सरळ जमिनीवर उलटं केलं. तीसएक बोर्ड, जळलेले, तडकलेले, अर्धवट. नीरजा आणि त्या एकेक उचलून उजेडात बघू लागल्या. विसावा की बाविसावा बोर्ड नीरजाने उचलला आणि तिचा हात थांबला. हा वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. टाकाऊ वस्तू कोणी गुंडाळून ठेवत नाही.

एका रिलेवर पिवळ्यात लाल टिळा होता. रिले आणि पाटीच्या फटीत तांदळाचा एक दाणा अडकला होता, हळदीने पिवळा झालेला.

"आपण दसऱ्याला फक्त सोल्डरिंग आयर्नची पूजा केली होती," केदार पुटपुटला. "बोर्डांना नाही लावलं."

"मला माहीत आहे हा कुठे लावला गेला. चालू कर."

नीरजाने वायरी जोडल्या. लाल दिवा लागला. बोर्डात बिघाड काहीच नव्हता. केदारने प्रोग्राम वाचला: लिफ्टचा, दाराची अट असलेला, त्याने मेमध्ये पाठवलेलाच. त्याने डोळे मिटून घेतले. नीरजाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर तो तसाच राहू दिला.

"आता आठवण वाच," बाई म्हणाल्या. हा बोर्ड किती फेऱ्या झाल्या ते मोजायचा, आणि शेवटच्या काही घटना लिहून ठेवायचा. ती सोय केदारनेच केली होती आणि नंतर कधी उघडून बघितली नव्हती.

फेऱ्या एकवीस हजारांवर होत्या. खोक्यात पडून राहिलेल्या बोर्डाने एवढ्या फेऱ्या केल्या नसत्या. त्याखाली शेवटच्या नोंदी आल्या.

दुसरा माळा. दार उघडं. नकार.

दुसरा माळा. दार उघडं. नकार.

केदारने खाली सरकवलं. तेच. पुन्हा तेच. नीरजाने बोट ठेवून मोजलं. अकरा.

कोणीतरी अकरा वेळा बटण दाबलं होतं, आणि अकरा वेळा या तळहाताएवढ्या पाटीने नाही म्हटलं होतं. त्यानंतर तिला काढून खोक्यात टाकलं होतं, खराब म्हणून.

"भाविकला उद्या दहाला पोलीस ठाण्यात ये म्हणावं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आणि तू आधी जेव."

६

शनिवारी दहा वाजता मनालीताईंच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. केदार, नीरजा, भाविक, धनेश. दाराशी बाकावर कमळा. तिला बाईंनीच बोलावलं होतं. टेबलावर दोन बोर्ड शेजारीशेजारी ठेवले होते, एक टिळ्याचा आणि एक बिनटिळ्याचा.

"सोमवारी," बाईंनी सुरुवात केली, "दुसऱ्या माळ्यावर ट्रॉली दारावर आदळली आणि स्विचची दांडी तुटली. अपघातात नाही, त्याआधी दोन दिवस. ट्रॉलीचा निळा रंग अजून चौकटीवर आहे. दांडी तुटली, तेव्हा बोर्डाला दार कायमचं उघडं दिसायला लागलं आणि त्याने लिफ्ट थांबवली. ते त्याचं कामच. अकरा वेळा बटण दाबलं, अकरा वेळा नकार. मग हा बोर्ड निघाला आणि तो दुसरा बसला. तपासणीचा. त्याला दाराशी देणंघेणं नव्हतं, म्हणून लिफ्ट चालली. पण तो ओरडायला लागला."

धनेश खिडकीबाहेर बघत होता.

"हमालांना ती टिटवी वाटली. नवशाने गाठ खाली ठेवली, सगळ्यांनी काम थांबवलं. मंगळवारी सकाळी आवाज गेला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? पण झाकणाऱ्याला तेवढीच अक्कल होती. आता प्रश्न एवढाच, की बझर कोणी काढला. धनेशने काढला असता तर पकडीने उपटून काढला असता. केदारने काढला असता तर पाटी जळाली असती. नीरजाला कोणी आवाज बंद करायला सांगितलं असतं, तर तिने आधी विचारलं असतं का म्हणून. ही भोकं बघा. तांब्याच्या वातीने वितळलेलं शिसं टिपून घेतलंय, पाटीला चरा नाही, आणि नंतर स्पिरिटने पुसलंय. एवढा स्वच्छ हात मी तीस वर्षांत दोघातिघांचाच बघितला. त्यातला एक इथे बसलाय."

भाविकची नजर त्या भोकांवर होती.

"मला बोर्डातलं काय—" धनेश म्हणाला.

"दादा, नको आता." भाविकने मान वर केली. "मॅडम, नवा स्विच गुरुवारी येणार होता. सोमवारी सात ट्रक उभे होते. दादा बोलला, कायपण कर, लिफ्ट चालू कर. टेस्टचा बोर्ड माझ्या बॅगेत होता. मी बोललो, दार सांभाळून करा, तीन दिवस काढा. मग संध्याकाळी दादाचा फोन, हमाल काम करत नाय, आवाज बंद कर. मंगळवारी सकाळी काढून आणला, बझर काढला, परत बसवला." त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "गुरुवारी बदलणारच होतो. एक दिवस, मॅडम. एकच दिवस."

"आणि केदार?" नीरजाने विचारलं. "त्याने स्वतःला फासावर चढवून घेतलं असतं, तू बघत राहिलास. त्याची मेल कोणी काढली?"

"मीच, त्याचा लॅपटॉप उघडून. त्यात बरोबर फाईल दिसली असती. तो स्वतःच बोलायला लागला ना, माझी चूक, माझी चूक. मी फक्त... नाय म्हटलं नाही."

केदार त्याच्याकडे बघत होता. राग यायला हवा होता तो अजून यायचा होता.

"तो जुना बोर्ड तू खाडीत फेकला असतास तर तुला कोणी धरलं नसतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "का ठेवलास?"

"गेलो होतो फेकायला. पुलावर गाडी थांबवली. त्यावर मामीनं लावलेलं कुंकू होतं, मॅडम. पुजलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकणार? हात धजला नाय." मग त्याने बाईंच्या डोळ्यांत बघितलं. बोलला ते उर्मटपणे नव्हे, वर्गात शंका विचारावी तसं. "तुम्हीच शिकवलं होतं ना? गिऱ्हाइकाचं मशीन बंद ठेवून परतायचं नाही."

प्रमोदिनीबाईंना उत्तर माहीत होतं. मशीन एखाद्या कारणासाठी थांबलं असेल तर ते थांबू द्यायचं असतं. पण तीस वर्षांत हे दुसरं वाक्य त्यांनी कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं; ते मुलांना आपोआप कळेल असं धरून चालल्या होत्या. त्यांना आपली लाज वाटली, आणि ती लपवावी असंही वाटलं नाही.

मनालीताईंनी भाविकला आणि धनेशला बाहेर नेलं. केदारचा जबाब सहीविना टेबलावर राहिला. खोलीत कमळा उरली. ती उठून टेबलापाशी आली आणि टिळ्याच्या बोर्डाकडे बघत राहिली.

"ह्यो नको म्हनत व्हता?"

"हो. अकरा वेळा."

"कसा म्हनत व्हता?"

बाईंनी बोर्डाला वायर जोडून दाखवलं. छोटा लाल दिवा लागला. आवाज काही नव्हता.

"हेच?" कमळाने दिव्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "ह्ये त्याला कसं कळावं, बाई? त्याला दिव्याची भाषा येत न्हवती. त्याला टिटवीची येत व्हती. ती तुमच्या मानसांनी काढून टाकली."

बाईंनी वायर काढली. ती भावाबरोबर निघून गेल्यावर प्रमोदिनीबाईंनी अहवाल पुढे ओढला. स्वरूप, कारण, जबाबदार व्यक्ती, सगळं भरलं. कारणाखाली शिक्षकाच्या अर्धवट शिकवण्याबद्दल एक ओळ लिहिली, ती रकान्यात मावली नाही, म्हणून समासात चढवली.

एक रकाना राहिला होता. दोष प्रथम कोणाच्या लक्षात आला. कालपासून तिथे त्या स्वतःचं नाव धरून चालल्या होत्या. त्यांनी सावकाश, वर्गातल्या फळ्यावर लिहायच्या तशा अक्षरात लिहिलं: नवशा काळू मुकणे, हमाल. सोमवार, संध्याकाळ.